सांताक्रूझला हलवलंय

४ सप्टेंबर, गुरुवार

डॉक्टर म्हणाले, काळजी पोटात ठेवू नका, कागदावर उतरवा. आता काळजी करणारा माणूस मी नव्हेच. आमच्या घरात ते खातं अलकाकडे आहे. पण सूनबाईंनी ऑफिसातून कोरी डायरी आणून पुढ्यात ठेवली, वर पेनही दिलं, तेव्हा नाही कसं म्हणायचं? म्हणून बसलोय लिहायला.

लिहिण्यासारखं आज घडलंही आहे. श्रेयस तीन आठवडे परदेशी जाणार. तसा तो परदेशातच आहे, आम्हीही त्याच्याकडे कतारात दोन महिने मुक्कामाला आलोय. पण आता हा इथून आणखी पुढच्या परदेशी निघालाय. गावाचं नाव ला पाझ. पाणीपुरवठ्याच्या मीटरांचं जे सॉफ्टवेअर याची कंपनी विकते, ते तिथे बसवायचंय. जेवताना त्याने एवढंच सांगितलं आणि भात कालवत राहिला. मी लगेच मोबाईलवर नाव टाकलं. पहिलाच फोटो निळ्याशार समुद्राचा, काठावर पिशवीसारख्या चोचीचे पक्षी. विचारलं, "मेक्सिको का रे?"

त्याने निशिगंधाकडे पाहिलं. मग म्हणाला, "हो बाबा. तिकडंच."

जेवण झाल्यावर मी मेक्सिकोचा अभ्यास केला. नको तेवढा केला. तिथे भर दिवसा माणसं पळवतात. समुद्रात शार्क आहेत. आणि सप्टेंबर म्हणजे तिकडे वादळांचा महिना. यातलं मी अलकाला काही बोललो नाही, ती घाबरते.

एकच समाधान, गाव समुद्रसपाटीला आहे. पाच वर्षांपूर्वी लग्न झाल्या झाल्या ही दोघं लेहला गेली होती. तिसऱ्या दिवशी श्रेयसच्या फुफ्फुसात पाणी झालं. विमानाने खाली दिल्लीत आणला म्हणून वाचला. डॉक्टरांनी बजावलं की याच्या शरीराला उंची सोसत नाही, पुन्हा नेऊ नका. तो फोन आला तेव्हा मी फलटणच्या एसटी स्टँडवर ड्यूटीवर होतो, वाहतूक नियंत्रकाच्या खिडकीत. मला जरा चक्कर आली. लोकांनी उगाच उचलून दवाखान्यात नेलं आणि डॉक्टरांनीही वाहत्या गंगेत हात धुऊन एक स्टेंट टाकून दिला. घरी आल्यावर मी श्रेयसला समोर बसवलं आणि माझी शपथ घ्यायला लावली, पुन्हा म्हणून उंचावर पाऊल टाकायचं नाही. माझ्या डोक्यावर हात ठेवून घेतली त्याने. त्यामुळे डोंगराची धास्ती कायमची मिटली आहे. समुद्राची तेवढी राहिली.

७ सप्टेंबर, रविवार

उद्या निघतोय. उद्या पितृपक्ष लागतोय. मी म्हटलं, पंधरा दिवस पुढे ढकल. तो म्हणाला, "बाबा, डिसेंबरात कॉन्ट्रॅक्ट संपतंय. आत्ता नको म्हटलं तर खलास." बोलताना माझ्याकडे बघत नव्हता, चार्जरची वायर गुंडाळत होता. वायर आधीच गुंडाळलेली होती.

अलकाने त्याच्या बॅगेत काय भरावं? लोकरीचा स्वेटर, कानटोपी, पायमोजांचे जोड. मी म्हटलं, अगं, तिथे चौतीस डिग्री आहे, पोराला उकडून मारतेस का? म्हणाली, "विमानात गार असतं. तुम्ही नका लक्ष घालू, उंटावरचे शहाणे." इथे कतारात आल्यापासून हा तिचा आवडता विनोद झाला आहे. पण हसली नाही.

मी माझ्या परीने एक शिट्टी दिली, एसटीतली. बुडायला लागलास तर वाजव म्हटलं. त्याने मला मिठी मारली. आमच्यात अशी पद्धत नाही, त्यामुळे मला बरंच अवघडल्यासारखं झालं.

१० सप्टेंबर, बुधवार

पोचला. दुपारी तीनला व्हिडिओ फोन आला. चेहरा सुजल्यासारखा वाटला, म्हणाला, प्रवास फार झाला. अंगात स्वेटर होता. विचारलं तर म्हणे, इथे हॉटेलात एसी फार आहे.

एक गोष्ट मला खटकली. मी हिशेब घातला तर तिथे पहाटेचे पाच वाजले असणार. पण त्याच्या मागच्या खिडकीत चांगलं वर आलेलं ऊन होतं. एसटीत जन्म गेला, वेळ मला फसवत नाही. निशिगंधाला बोललो तर ती म्हणाली, तिकडे उन्हाळ्यात घड्याळ मागेपुढे करतात बाबा. करतही असतील. अमेरिकेकडच्या लोकांचं काही सांगता येत नाही.

बोलताना दोन वाक्यांमध्ये थांबत होता. रेंजचा प्रश्न असावा.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

इथे सुट्टी शुक्रवारी, म्हणून चर्चही शुक्रवारीच. आज तिथून परतताना खालच्या मजल्यावरचे रेमंड आणि जोसेफीन वर आले. वसईची माणसं, फार लाघवी. रेमंड इथल्या एका हॉस्पिटलात श्वासाच्या यंत्रांवर काम करतो. परक्या मुलखात घराबाहेरच्या माणसाशी मराठीत बोलायला मिळतं, त्यामुळे तो आला की मी त्याला लवकर सोडत नाही.

बसल्या बसल्या त्याने विचारलं, "सॅच्युरेशन रोज चेक होतंय ना? एटीच्या खाली गेलं तर थांबायचं नाही हां." मी लगेच बोट पुढे केलं. म्हटलं, माझं सत्त्याण्णव आहे, अगदी ठणठणीत. रेमंड गोंधळला. निशिगंधा एकदम चहा घेऊन आली आणि विषय बदलला. माझ्या तब्येतीची या लोकांनी फारच धास्ती घेतली आहे. चांगुलपणा आहे, पण माणसाला उगाच म्हातारं करून टाकतात.

१४ सप्टेंबर, रविवार

श्रेयसने फोटो पाठवले. सुट्टी म्हणून सोबतच्या सहकाऱ्याबरोबर फिरून आला. लांबच लांब निळं पाणी, होड्या, आणि काठावर पांढऱ्या गणवेशातले नौदलाचे शिपाई. फोटोत तो अगदी काठावर उभा आहे. मी ताबडतोब फोन करून सांगितलं की मागे सर. म्हणाला, "बाबा, फोटो काढून झाला, मी आता हॉटेलात आहे." आणि हसायला गेला तर ढास लागली.

खोकला झालाय. डोकंही दुखतंय. तिथली माणसं कसल्याशा पानांचा काढा देतात, तो दिवसातून चारदा पितो. आपल्या गवती चहासारखं काहीतरी असणार. समुद्रावरची खारी हवा त्याला लहानपणापासून बाधते. सुंठ घे म्हटलं. अलका फोन घेऊन आतल्या खोलीत गेली आणि दार लावून बोलली. मायलेकांचं काय गुपित असतं कोण जाणे.

१६ सप्टेंबर, मंगळवार

शेवटी मन चिंती ते वैरी न चिंती. वादळ तयार झालंय. मेक्सिकोच्या खाली समुद्रात भोवरा दिसतोय, नकाशावर बाण काढलाय आणि बाणाचं टोक बरोबर ला पाझवर. मी ते चित्र दर तासाला उघडून बघतोय. टोक हलत नाही.

निशिगंधाला दाखवलं. तिने मोबाईल हातात घेतला, चित्र पाहिलं आणि परत दिला. "होईल नीट, बाबा." एवढंच. माझं डोकं फिरलं. तुझा नवरा आहे तिथे, असं बोलणार होतो. पण तिचे डोळे तारवटलेले होते, म्हणून गप्प बसलो. मग वाटलं, हिला भीती वाटत नाही असं नाही, हिला वादळ म्हणजे काय हेच ठाऊक नाही.

श्रेयसला फोन लावला. उचलला, पण आवाज बसलेला. मी म्हटलं, बाबा रे, तिथून निघ, वादळ येतंय. तो म्हणाला, "बाबा, वादळ इथे... येणार नाही." दम खात म्हणाला. पुढे बोलणं झालं नाही.

१७ सप्टेंबर, बुधवार

आज फोन नाही. निशिगंधा म्हणते, वादळाच्या तयारीत नेटवर्क बंद ठेवलंय. असं कुठे ऐकलं नव्हतं.

बाण तसाच.

१८ सप्टेंबर, गुरुवार

फोन नाही. तिथल्या किनाऱ्यावरच्या लोकांनी टाकलेले व्हिडिओ बघितले. दुकानांना फळ्या ठोकतायत, होड्या ओढून वर घेतायत. प्रत्येक गर्दीत मी त्याला शोधतो. एका व्हिडिओत निळा शर्ट घातलेला पोरगा पाठमोरा दिसला, तो मी कितीदा पाहिला ते लिहायची लाज वाटते.

मला भीती वाटते आहे. इथे लिहितो, बाहेर बोलणार नाही. हात गार पडतात आणि छातीत कुणीतरी मूठ आवळल्यासारखं होतं. अलका आज दिवसभर देवापुढे बसून आहे. तिला वादळाचं मी सांगितलेलंही नाही.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

वादळ वळलं!

सकाळी उठून बघतो तर बाण पश्चिमेला, थेट समुद्रात. ला पाझला नुसता पाऊस. मी मोठ्याने ओरडलो. अलकाला सगळं सांगितलं, आता सांगायला हरकत नव्हती. ती म्हणाली, "बरं झालं." मी म्हटलं, अगं, बरं झालं काय, पोरगा वाचला, शिरा कर. तिने केला. साखर घालायची विसरली. इतक्या वर्षांत प्रथमच.

शिऱ्याची वाटी घेऊन निशिगंधाच्या खोलीशी गेलो तर ती फोनवर होती, हिंदीत. "फजलभाई, सच बताइये... सांताक्रूझ शिफ्ट किया? कौन से हॉस्पिटल में?... साँस कैसी है अभी?" मग नुसतीच ऐकत राहिली आणि भिंतीला टेकून खाली बसली.

मला बघताच उठायला गेली. मी विचारलं, "सांताक्रूझला? म्हणजे मामा का?"

तिचे सख्खे मामा, श्याममामा, सांताक्रूझला वाकोल्यात राहतात. आईवेगळ्या पोरीला त्यांनीच वाढवलं. ती माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "हो बाबा. मामा. सांताक्रूझला हलवलंय."

बिचारी. नवऱ्यावरचं संकट टळलं त्याच दिवशी मामांचं हे निघालं. वाटी तशीच तिच्याजवळ ठेवून आलो.

२० सप्टेंबर, शनिवार

मामांना फुफ्फुसाचा त्रास आहे. व्हेंटिलेटरवर ठेवलंय म्हणे. मी निशिगंधाजवळ बसून समजूत घातली. म्हटलं, पोरी, मामांचं वय झालंय, सत्तरीच्या पुढच्या माणसाचं कधी ना कधी हे व्हायचंच. मनाची तयारी ठेवावी. पिकलं पान आहे. ती इतकी रडली की अलका धावत आली आणि मला हाताला धरून बाहेर काढलं. "तुम्ही बोलू नका काही," म्हणाली. आता समजूत घालायचाही गुन्हा झाला.

दुपारी निशिगंधा पासपोर्ट घेऊन कुठेतरी गेली आणि कोमेजून परत आली. मुंबईला जायचं तर मेलं एवढं काय अवघड आहे? तिकीट काढ, बस विमानात, म्हटलं. व्हिसा मिळत नाहीये म्हणाली, मग जीभ चावून म्हणाली की परतीच्या व्हिसाचं बोलतेय. इथले नियम मला कळत नाहीत.

संध्याकाळी जिन्यात रेमंड भेटला. त्याला सांगितलं, निशिगंधाचे सांताक्रूझचे मामा व्हेंटिलेटरवर आहेत. त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाला, "हो अंकल. मामांसाठी आम्ही रोझरीची प्रार्थना ठेवलीय घरी. सगळी वसईची माणसं येतात." कोण कुठले मामा आणि कोण कुठली ही माणसं. मला भरून आलं.

श्रेयसचा फोन अजून नाही. वादळ वळलं तरी टॉवर पडलेत म्हणे. निशिगंधाला मेसेज आला, तो सुखरूप आहे. मला का नाही आला?

२१ सप्टेंबर, रविवार

दार लावून लिहितो.

आज सर्वपित्री अमावास्या. सकाळी निशिगंधा आंघोळीला गेली असताना मनात आलं, मामांच्या घरी विचारपूस करावी. व्याही मंडळी आहेत, आपण अजून एक फोन केला नाही हे बरं दिसत नाही. घरचा नंबर माझ्याकडे होता. मामी उचलतील, त्यांना धीर द्यायचा, कसं बोलायचं ते जुळवून ठेवलं होतं.

उचलला मामांनीच.

"अहो वसंतराव! काय म्हणतंय दोहा? मी आत्ताच मार्केटातून आलो बघा, काय महाग झाल्यात भाज्या..."

मी काय बोललो ते मला आठवत नाही. सहज केला, म्हटलं. सगळे मजेत, म्हटलं. निशीला सांगू नका मी फोन केल्याचं, उगाच चिडवेल, म्हटलं. ते हसून बरं म्हणाले. मग मी फोन ठेवला आणि खुर्चीवर बसून राहिलो. न्हाणीघरात पाणी पडत होतं.

मामा भाजी घेऊन आले. मग सांताक्रूझला कुणाला हलवलं?

मोबाईलवर सांताक्रूझ टाकलं. मला वाटलं वाकोला येईल. कॅलिफोर्नियात एक सांताक्रूझ निघालं. स्पेनच्या बेटावर एक. फिलिपिन्समध्ये तर किती. आणि एक दक्षिण अमेरिकेतल्या बोलिव्हियात. बोलिव्हियाचा नकाशा उघडला, तर त्या सांताक्रूझच्या वर, त्याच देशात, दुसऱ्या ठिपक्यावर लिहिलेलं होतं ला पाझ.

समुद्र नाही. कुठूनही नाही. ला पाझ साडेतीन हजार मीटरच्या वर, लेहपेक्षाही थोडं उंच; सांताक्रूझ तेवढं खाली सपाटीला. खाली लिहिलं होतं की नव्या माणसाला तिथे श्वास पुरत नाही. तिथली माणसं कसल्या पानांचा काढा पितात तेही लिहिलं होतं. मोठं तळं आहे आणि समुद्र नसून त्या तळ्यावर नौदल ठेवलंय म्हणे. घड्याळही बघितलं. दुपारी तीनला तिथे सकाळचे आठ.

सारी हयात मी खिडकीत बसून लोकांना ओरडलो. वडगाव म्हणून कुणी गाडी विचारली की मी आधी विचारायचो, कुठलं वडगाव? निंबाळकर की मावळ की गुप्ता? बुद्रुक की खुर्द? माणूस चुकीच्या गाडीत बसू नये म्हणून. आणि माझ्या पोराने गावाचं नाव सांगितलं तेव्हा मी विचारलं नाही. मीच सांगितलं. मेक्सिको का रे, असं मीच म्हणालो, आणि त्याने माझंच उत्तर मला परत दिलं. परवा निशिगंधानेही तेच केलं.

मी वादळ बघत होतो. मी रोज देवाला समुद्राचं सांगत होतो. आणि ते पोर तिकडे श्वासाला... "पिकलं पान" म्हणालो मी. तिच्या तोंडावर म्हणालो. देवा.

२२ सप्टेंबर, सोमवार

अलकाने घट बसवले. मी हातपाय धुऊन पूजेला बसलो, नेहमीसारखा. कुणाला काही कळू दिलेलं नाही.

काल दुपारी वाटलं, जाऊन विचारावं, ओरडावं. का लपवलंत? मग कळलं का लपवलं. मला सांगितलं असतं तर मी त्याला जाऊ दिला नसता. जाऊ दिला असता तर रोज मेलो असतो. लेहच्या वेळी मी स्टँडवर कोसळलो होतो, ते आता तरी खरं लिहितो. चक्कर नव्हती ती. घरातल्या सगळ्यांनी मिळून मला सांभाळलंय, पोर तिकडे पडलेलं असताना. अलकाने स्वेटर भरला तेव्हाच तिला ठाऊक होतं. तिनेही हे एकटीने गिळलं, माझ्या शेजारी बसून. आणि मी तिला भित्री म्हणत आलो.

आता मला कळलंय हे त्यांना कळलं, तर त्या दोघींना श्रेयसला सोडून माझ्याभोवती बसावं लागेल. रेमंडला माझी छाती तपासावी लागेल. ते मला नको आहे. तेवढं तरी माझ्याच्याने व्हायला पाहिजे.

एकच गोष्ट डोक्यातून जात नाही. शपथ. तो माझी शपथ मोडून गेला. पण शपथ माझी होती ना? मोडली तर मला काहीतरी व्हायला हवं. माझ्या डोक्यावर हात ठेवला होता, त्याच्या नव्हे. हे चोर सोडून संन्याशाला फाशी झालं. देवापुढे हात जोडले तेव्हा मी हेच सांगितलं, हिशेब चुकलाय, माणूस चुकलाय, मी इथे दोह्याजवळ अल वक्र्यात आहे, पत्ता नीट बघ. अलकाने विचारलं, काय पुटपुटताय? म्हटलं, आरती.

संध्याकाळी निशिगंधाला विचारलं, "मामा कसे आहेत?"

ती म्हणाली, "तसेच आहेत, बाबा. इन्फेक्शन पण झालंय. पण आता खाली आहेत म्हणजे... आता हॉस्पिटल चांगलं आहे."

"डॉक्टर काय म्हणतात?"

"बहात्तर तास बघू म्हणतात."

"बरं," म्हटलं. "तरुण आहेत, निघतील." आणि मग घाईने म्हणालो, मनाने तरुण आहेत. तिचं लक्ष नव्हतं. पानावरून तसाच उठलो, भूक नाही म्हटलं.

२३ सप्टेंबर, मंगळवार

मामांचा ताप उतरत नाही. मी सकाळी विचारलं, दुपारी विचारलं, संध्याकाळी विचारलं. सुनेला वाटत असेल, सासऱ्यांना मामांचा फारच कळवळा. एकदा म्हणाली, "बाबा, तुम्ही किती विचारता त्यांचं." आणि माझा हात धरून थोडा वेळ बसली. मीही बसलो. दोघं मिळून वाकोल्याच्या धडधाकट माणसासाठी रडत होतो.

आज तिने स्वतःहून सांगितलं की मामांच्या जवळ फजल म्हणून एक माणूस आहे, रात्रंदिवस बसतो, तिथली भाषा येत नाही तरी डॉक्टरांशी खुणांनी भांडतो. श्रेयसबरोबरचा सहकारी तो हाच असणार. मी म्हटलं, देव त्याचं भलं करो. मुंबईत डॉक्टरांशी खुणांनी कशाला बोलावं लागतं, ते मी विचारलं नाही.

समुद्रकाठी गेलो होतो. इथला समुद्र सपाट पडलेला असतो. त्याचा मला राग येतो.

२४ सप्टेंबर, बुधवार

दुपारपर्यंत बातमी नाही. निशिगंधाचा फोन लागत नव्हता, तिकडून कुणी उचलत नव्हतं. ती आतबाहेर करत होती. रेमंड ड्यूटी सोडून आला आणि तिच्याशी इंग्रजीत हळू आवाजात बोलला. मी टीव्ही लावून बसलो. समोर काय चाललं होतं ठाऊक नाही. मला वाटत होतं की आता या खोलीचं दार उघडेल आणि कुणीतरी माझ्यासमोर येऊन बसेल, आणि त्याला काय बोलावं सुचणार नाही.

संध्याकाळी कळलं, ऑक्सिजन थोडा कमी केलाय. थोडा म्हणजे किती, विचारलं. तिला सांगता आलं नाही.

अलकाने ताट वाढून आणलं. दोन घास घेतले, पुढे उतरेना. तिने काही म्हटलं नाही. तिचंही ताट तसंच होतं.

२५ सप्टेंबर, गुरुवार

दुपारचे तीन वाजून गेले होते. कुणाचंच जेवण झालं नव्हतं. अलका ओट्याशी, मी टेबलाशी वर्तमानपत्र धरून. आतल्या खोलीत फोन वाजला. निशिगंधा बोलली, मग बराच वेळ आवाजच नाही.

ती बाहेर आली. फोन हातात तसाच, तोंड पांढरं पडलेलं. म्हणाली, "बाबा, नळी काढली. मामा बोलले."

मी वर्तमानपत्र खाली ठेवलं. "काय बोलले?"

"आवाज फुटत नाही अजून. फजलभाईंनी फोन तोंडाशी धरला. एकच वाक्य बोलले." ती रडत होती आणि हसतही होती, आपण काय बोलतोय याचं तिला भान नव्हतं. "विचारलं, बाबा जेवले का."

ओट्याशी अलकाचा हात थांबला. नळ चालूच राहिला.

वाकोल्याचे मामा मला वसंतराव म्हणतात. निशिगंधाच्या ते लक्षात आलं आणि तिने तोंडावर हात ठेवला. माझ्याकडे घाबरून बघायला लागली, मी आता पडतो की काय अशी. अलकाही वळून बघत होती. मी कुणाकडे बघितलं नाही. ताट पुढे ओढलं.

"फोन चालू आहे ना अजून?" मी म्हणालो. "मामांना सांग, बाबा जेवायला बसले."

मग अलकाला म्हटलं, वाढ.